चार घरांनी पिल्लं सांगून ठेवली आहेत, आता काय करू?

मुलुंड पूर्वेहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"ताई, आमची शेवंती साडेतीन वर्षांची लॅब्रेडॉर. पिवळी म्हणून सासऱ्यांनी हे नाव ठेवलं. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना तिचे मागचे पाय धरतात, आणि पळताना ती दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलते. डॉक्टरांनी भूल देऊन एक्स-रे काढला आणि हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष, सांगितला. डावीकडे सौम्य, उजवीकडे मध्यम. वजन ३८ किलो, पण लॅबच ती. एरवी खेळते, खाते, मजेत असते.

"सासूबाई म्हणतात, मादीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, त्याने तब्येत सुधारते. ठाण्याला यांच्या मित्राचा नर आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत, बाप चॅम्पियन. तो निरोगी आहे, मग पिल्लांतला दोष निम्मा तरी होईल ना? माझ्या जाऊबाईंनी आणि आणखी तीन घरांनी पिल्लं सांगून ठेवली आहेत. सासरे ७४ वर्षांचे, रेल्वेच्या हिशोब खात्यातून निवृत्त, सगळा दिवस तिच्याबरोबर. ते म्हणतात, ही गेल्यावर हिचं काहीतरी मागे राहायला हवं. डॉक्टर 'शक्यतो नको' म्हणाले. या 'शक्यतो'त काही जागा आहे का? पुढची हीट, म्हणजे माज, दिवाळीच्या आसपास येईल."

जागा नाही.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या वाक्यांत फट शोधत बसणार नाही. डॉक्टर 'शक्यतो' म्हणाले, कारण समोर तुम्ही सगळे आशेने बसला असाल आणि टेबलावर शेवंती भुलीतून नुकती डोळे उघडत असेल. अशा वेळी कुणाच्याही तोंडून तोडून 'नाही' निघत नाही. मला तुमचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून मला सोपं जातं.

आमच्याकडे खंडू नावाचा कुत्रा होता. २००१ च्या गणपतीत आला, यजमानांच्या ऑफिसातल्या एकांच्या घरून, चेंबूरहून. फुकट दिला होता, वर पहिल्या लशीचा कागद आणि आईच्या वासाचा एक जुना टॉवेल. पिल्लू बघायला गेलो तेव्हा त्याची आई डॉली तिथेच होती. ताटली पुढे आली की ती आधी मागचं अंग टेकवायची, मग हळूच आडवी होऊन जेवायची. "किती शिस्तीची आहे बघा, बसून जेवते," घरच्या बाई म्हणाल्या, आणि आम्हीही कौतुक केलं. चार मोठी माणसं त्या खोलीत होती. तिचं दुखतंय हे एकालाही दिसलं नाही.

खंडू अकरा महिन्यांचा झाला आणि जिना चढताना मध्येच बसायला लागला. दादरला आमची तिसऱ्या मजल्यावरची जागा, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. सहाव्या वर्षापासून तो आपल्या पायांनी खाली उतरला नाही. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी करून त्याच्या पोटाखालून घ्यायची, दोन्ही टोकं यजमानांच्या हातात, पुढे पट्टा धरून मी, असं दिवसातून तीनदा. पावसाळ्यात जिन्यात पाणी यायचं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मदतीला यायचा. खंडूला या सगळ्याची लाज वाटायची असं मला अजूनही वाटतं. चादर दिसली की तो मान भिंतीकडे फिरवायचा. नवव्या वर्षी, जुलैत, डॉक्टरांना घरी बोलावून आम्ही त्याला सोडवलं.

त्याच्या वेतातल्या सात पिल्लांपैकी आणखी दोघं लंगडत होती, हे आम्हाला पुढे कधीतरी बस स्टॉपवर कळलं. चेंबूरची माणसं वाईट नव्हती हो. आठ आठवड्यांची असताना त्यांनी पाहिलेली सातही पिल्लं गुटगुटीत होती, आणि त्यानंतर ती त्यांना कधी दिसलीच नाहीत.

तुमच्या प्रश्नातली खरी गोम हीच आहे. पिल्लू आठव्या आठवड्यात घराबाहेर जातं आणि हे दुखणं पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पुढे केव्हाही डोकं वर काढतं, कधी कधी तर म्हातारपणी. पेढे तुमच्या घरी वाटले जातील आणि एक्स-रे काढायची वेळ दुसऱ्याच्या घरी येईल. शेवंतीच्या वाट्याला निदान तुम्ही आलात. खर्च करणारे, भूल देऊन एक्स-रे काढणारे, पत्र लिहिणारे. तिच्या सातव्या पिल्लाला कोण मिळेल ते तुमच्या हातात नाही.

खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा. जन्मताना हा सांधा बहुधा ठीक असतो. वाढीच्या महिन्यांत हाडं झपाट्याने वाढतात, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्नायूंना आणि अस्थिबंधांना तो वेग झेपत नाही, सांधा सैल पडतो. मग माथा वाटीत हिंदकळत राहतो, वाटी उथळ होते, घासून घासून संधिवात लागतो. कुत्र्यांमधल्या या विकाराचं वर्णन पहिल्यांदा १९३५ मध्ये अमेरिकेत झालं. नव्वद वर्षं लोक त्याच्या मागे आहेत आणि तो अजून हटलेला नाही, कारण त्याच्यामागे एक जनुक नसून अनेक आहेत, आणि त्यात भर घालायला खाणं, वजन, वाढीचा वेग. रक्त काढलं आणि 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर आलं, असं इथे होत नाही.

म्हणून जबाबदार ब्रीडर जोडी लावण्याआधी नर आणि मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे तज्ज्ञांकडून तपासून घेतात. अमेरिकेत ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून हे काम करते. त्यांच्या सात श्रेणी आहेत, उत्कृष्टपासून तीव्रपर्यंत. शेवटच्या तीन, म्हणजे सौम्य, मध्यम आणि तीव्र, या डिस्प्लेजियाच्या. कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय ते पक्की श्रेणी देत नाहीत, कारण लहानपणीचा स्वच्छ एक्स-रे पुढे बदलू शकतो.

तुमच्या घरात सगळी आशा त्या 'सौम्य' शब्दाला लटकलेली दिसते. सौम्य म्हटलं की आपल्याला सौम्य ताप आठवतो, रात्री गोळी घेतली की सकाळी उतरणारा. इथे सौम्य म्हणजे नापासांच्या यादीतलं पहिलं नाव. आणि शेवंतीचा उजवा खुबा त्याच्याही खाली आहे.

आता ठाण्याचा नर. "तो निरोगी आहे," असं तुम्ही लिहिलंय. कुणी पाहिलं? त्याच्या मालकांना एकच गोष्ट विचारा. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का, आणि काढला असेल तर बघायला मिळेल का. "अहो, त्याचा बाप चॅम्पियन आहे," असं उत्तर आलं तर एक्स-रे नाही असं समजा. केसीआयचा कागद म्हणजे वंशावळ, आई कोण, बाप कोण, आजा कोण. लग्नाच्या स्थळाच्या कागदावर गोत्र आणि नाडी असते, त्यावरून मुलाची शुगर कळत नाही. शोमध्येही परीक्षक चाल बघतात, बांधा बघतात, हाडाच्या आत कुणी डोकावत नाही.

समजा त्याचे खुबे खरंच उत्तम निघाले. तरी 'निम्मा दोष' हा दुधात पाणी घालण्याचा हिशोब इथे बसत नाही. आईबाप दोघांचे खुबे चांगले असतानाही एखादं पिल्लू लंगडं निघतं. एकाचे खराब असले की तशा पिल्लांची शक्यता वाढते. पिल्लं सगळी एकसारखी 'निम्मी आजारी' होत नाहीत. एखादं बारा वर्षं धावेल आणि त्याच्याच शेजारी दूध पिणारं दुसरं आठव्या महिन्यात बसेल, आणि आठव्या आठवड्यात त्यांच्याकडे बघून कोणतं कुठलं हे तुम्ही, मी किंवा डॉक्टर कुणीच सांगू शकणार नाही. जाऊबाईंना यातलं कुठलं द्याल?

एक मात्र सांगते. दोष दिसला की वंश बंद, असं सरसकट म्हणणाऱ्यांतली मी नाही. लॅब्रेडॉरमध्येच डोळ्यांचा पीआरए नावाचा आजार आहे, त्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत कुत्रा आंधळा होतो. त्याच्या एका प्रकारामागे एकच जनुक आहे आणि त्याची डीएनए चाचणी मिळते. दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल तर कुत्रा नुसता वाहक राहतो, त्याला स्वतःला काही होत नाही. अशा वाहक मादीला चाचणीत स्वच्छ ठरलेला नर दिला तर सरासरी निम्मी पिल्लं वाहक होतात, पण त्या आजाराने आंधळं एकही होत नाही. तसं पत्र आलं असतं तर मी म्हटलं असतं, चाचण्या करा, मग बोलू. उलट प्रत्येक वाहकाला बाद करत सुटलं तर जातीतलं रक्त इतकं आटतं की दुसरेच आजार वर येतात. शेवंतीचं दुखणं असं एका चाचणीत पकडता येणारं नाही, आणि ती वाहक नाही, स्वतःच आजारी आहे. म्हणून उत्तर वेगळं.

पिल्लांचं क्षणभर बाजूला ठेवू. शेवंतीच्या अंगावर यातलं काय पडणार ते बघा. मेटिंगच्या वेळीच तिच्याएवढा जड नर मागून भार टाकणार, आणि जोडी अडकली की दहा-वीस मिनिटं तिला तशीच उभी राहावं लागणार. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं, लॅब्रेडॉरला सहा-आठ पिल्लं सहज होतात. शेवटच्या आठवड्यांत ते सगळं ओझं घासलेल्या सांध्यांवर. त्यातून दुखण्यावरच्या ज्या गोळ्या डॉक्टर सहसा देतात, त्या गाभणपणात आणि अंगावर पाजत असताना बहुतेक चालत नाहीत. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त दुखेल नेमकं तेव्हाच औषध बंद. हे एवढं एक वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलंत तरी पुरे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझी आईही हेच म्हणायची, आणि तिच्या पिढीतल्या बायकांनी ते स्वतःबद्दलही किती वेळा ऐकून घेतलं असेल कोण जाणे. पण एका बाळंतपणाने कुत्रीची तब्येत सुधारते याला काही आधार नाही. माझा एक अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या. गेल्या हीटनंतर दोनेक महिन्यांनी शेवंतीने सासऱ्यांचा मोजा किंवा एखादं खेळणं कवटाळून कोपरा धरला असेल, कुणाला जवळ येऊ देत नसेल, कदाचित दूधही दिसलं असेल. ते बघून घरातल्या कुणाचाही जीव तुटेल. ते हार्मोनचं चक्र आहे, अनेक माद्यांना होतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. तिला पिल्लं हवी आहेत असा निरोप त्यात नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात हीटनंतरच्या आठवड्यांत पू होऊ शकतो. स्वीडनमधल्या कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी पाहिल्या तर दहा वर्षांच्या आत चार-पाच माद्यांमागे एकीला हा आजार झालेला दिसतो, आणि उशीर झाला तर जीव जातो. वर्षाच्या आत नसबंदी केली तर लॅब्रेडॉरच्या सांध्यांना त्रास होण्याची शक्यता वाढते असं आढळलंय, पण शेवंती साडेतीन वर्षांची आहे, तिची वाढ केव्हाच झाली. हीटमध्ये किंवा तिच्यानंतर लगेच ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत, दोन-तीन महिने थांबतात. तेव्हा दिवाळीची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांशी तारखेचं बोला. घरच्यांना दुसरं मत हवं असेल तर परळ गाठा. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ पासून आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही परळलाच. जाताना एक्स-रेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण जाऊबाई सोडल्या तर बाकीचे तिघं फुकट मागत नसावेत. विकायची म्हटली तर २०१७ चे केंद्र सरकारचे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम लागू होतात. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी किमान १८ महिन्यांची हवी, जोडी लावण्याआधी ती निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. तिचा निरोगी असल्याचा दाखला कोण देणार? एक्स-रे काढणारे डॉक्टर?

आता खरं काम. तुम्ही सहज लिहून गेलात, "वजन ३८ किलो, पण लॅबच ती." लॅब्रेडॉर मादीचं वजन साधारण २५ ते ३२ किलो असायला हवं. शेवंती मोठ्या बांध्याची धरली तरी पाच किलो तांदळाची पिशवी आणि वर किलोभर साखर एवढं ओझं ती रोज त्या दोन खुब्यांवर घेऊन फिरते आहे.

अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या दोन-दोनच्या जोड्या करून त्यांना आयुष्यभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, बाकी सगळं सारखं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. जास्त खाणाऱ्या गटातली निम्मी कुत्री ११.२ वर्षांपर्यंत गेली होती, कमी खाणाऱ्या गटाला तो टप्पा यायला १३ वर्षं लागली. खुब्यांचा संधिवातही त्यांच्यात कमी आणि उशिरा दिसला. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, तोही औषधाशिवाय. सासऱ्यांना शेवंती आणखी हवी आहे ना? ती दोन वर्षं तिच्या ताटलीत आहेत.

ती मागते म्हणून द्यावं लागतं, असं तुम्ही म्हणाल. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि त्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. तेव्हा तुमच्या पोळीकडे ती ज्या नजरेने बघते त्या नजरेवर विश्वास ठेवू नका. हातावर ठेवा. आपली मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते फार बारीक. आता मूठ उघडून आपल्याच हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा, हाडं कळतात पण टोचत नाहीत. असं हवं. तळहाताच्या बाजूने फिरवा, नुसतं मऊ मांस. शेवंतीच्या बरगड्यांवर हात ठेवलात तर बहुधा हे तिसरं लागेल.

सासऱ्यांच्या चहाबरोबर तिला किती ग्लुकोज बिस्किटं मिळतात तेही तुम्ही लिहिलं नाहीत. मी विचारत नाही. फक्त मोजा. त्या जागी काकडीची चकती किंवा गाजराचा तुकडा दिला तरी तिचा 'बाबांच्या हातून मिळालं' हा आनंद तेवढाच असतो. एकदम उपाशी ठेवू नका, डॉक्टरांना विचारून दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा.

घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर तिची झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार या वाटेवर रबरी मॅट टाका, जुन्या योगा मॅट कापून टाकल्या तरी चालतात. खंडूच्या वेळी आम्हाला हे फार उशिरा सुचलं. नखं आणि पंज्यांमधले केस कापलेले ठेवा. फिरवायचं ते दोनदा लांब नेण्याऐवजी चारदा थोडं थोडं, शक्यतो मातीवर, आणि चेंडू फेकणं बंद, कारण धावत जाऊन गर्रकन वळताना खुब्यांवर सगळ्यात वाईट ताण येतो. पोहणं चांगलं, मात्र डॉक्टरांना विचारून. आणि माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. "अर्धीच दिली होती" असं सांगणारं पत्र मला एकदा आलंय, तेव्हा उत्तर छापेपर्यंत उशीर झाला होता.

राहिले सासरे. मला तर हे पत्र जास्त त्यांचंच वाटलं. ७४ व्या वर्षी 'ही गेल्यावर' असं जो माणूस म्हणतो, तो फक्त कुत्र्याबद्दल बोलत असतो असं नाही. त्यांच्याशी एक्स-रेच्या श्रेणींवरून वाद घालू नका. त्यांना खंडूच्या चादरीची गोष्ट सांगा, हवं तर हे सदरच वाचायला द्या, आणि मग शेवंती त्यांच्याकडे सोपवा. आयुष्यभर हिशोब पाहिलेला माणूस आहे. एक वही करून द्या. रोज काय खाल्लं, महिन्याच्या पहिल्या रविवारी दवाखान्याच्या काट्यावर वजन किती, सकाळी उठायला किती वेळ लागला, कुठला पाय आधी टाकला. औषध लागू पडतंय की नाही हे ठरवताना डॉक्टरांना असल्या वहीचा फार उपयोग होतो. बिस्किटांची नोंदही त्यांच्याच हाताने होऊ द्या, मग तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

पिल्लू म्हणजे पुन्हा शेवंती नव्हे, हे त्यांना आज पटणार नाही. आमचा खंडू डॉलीसारखा कणभरही नव्हता. ती शांत, हा फटाके वाजले तरी खिडकीत उभा राहून भुंकणारा. पुढेमागे दुसरं कुत्रं आणावंसं वाटलं तर या शहरात पिल्लांचा तुटवडा नाही, २०१४ च्या पालिकेच्या गणनेत भटकी कुत्रीच ९५ हजारांवर भरली होती. हौसेने आणून मग सोडून दिलेले लॅब्रेडॉरही घर शोधत असतात. पण आत्ता नको. दात शिवशिवणारं पिल्लू दिवसभर शेवंतीच्या मागच्या पायांवर उड्या मारत बसेल.

चार घरांना काय सांगायचं म्हणून तुम्ही अडला असाल तर हे घ्या, उतरवून पाठवा: "शेवंतीच्या खुब्यांमध्ये आनुवंशिक दोष निघाला आहे. तो पिल्लांमध्ये उतरू शकतो आणि लहानपणी दिसत नाही, म्हणून आम्ही तिला पिल्लं होऊ देणार नाही. तुम्ही दुसरीकडे लॅब्रेडॉर बघणार असाल तर आईबाप दोघांचे खुब्यांचे एक्स-रे बघितल्याशिवाय घेऊ नका." एवढंच. सॉरी लिहू नका.

जाऊबाईंना मात्र मेसेज नको, फोन करा. त्या ठाण्याच्याच नराचं दुसऱ्या मादीपासूनचं पिल्लू घ्यायचं म्हणाल्या तर त्यांना घेऊन स्वतः जा, आणि आई जेवताना उभी राहते की बसते ते बघून या.